गावची सून आणि सरकारचे मानधन

(अकादमीच्या वार्षिक परिसंवादात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'ग्रामीण आरोग्य-कार्यकर्त्यांची सामाजिक आणि आर्थिक पार्श्वभूमी' हा आजचा माझा विषय. कार्यक्रमपत्रिका पाहून दोघातिघांनी विचारले, साहित्य शिकवणाऱ्या बाईंकडे हा विषय कसा? त्याला दोन कारणे आहेत. मी सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात शिकवते. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या आया, काकवा, वहिन्या हे काम करतात. दुसरे कारण असे की हे सगळे काम काही शब्दांवर उभे आहे. सेविका, स्वयंसेविका, कार्यकर्ता, मानधन, प्रोत्साहन राशी. शब्द तपासून पाहणे हा तर आपला धंदाच आहे.

मध्य प्रदेशातली मराठी म्हटली की आपल्याला होळकर-शिंद्यांचे वाडे, ग्रंथालये, नाट्यमंडळे, गणेशोत्सवातली व्याख्याने आठवतात. ती परंपरा मोठी आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी दुसरी एक मराठी आहे. ती संत्र्याच्या बागेत, कापसाच्या शेतात, आठवडी बाजारात बोलली जाते. तिच्या एका अंगाला हिंदी, दुसऱ्या अंगाला गोंडी आणि कोरकू. या मराठीत रोज दहा घरांच्या ओसरीवर बसून बोलणारी, घरातल्या बाईला खासगी प्रश्न विचारण्याची मुभा असलेली, आणि ऐकलेले सरकारी हिंदीत लिहून देणारी एक बाई गावोगाव आहे. महाराष्ट्रात तिला आशाताई म्हणतात, आमच्याकडे आशा दीदी. खरे तर 'आशा' ही इंग्रजी नावाची आद्याक्षरे. पण गावाने त्यांचे बाईचे नाव करून टाकले.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. या बाईची सामाजिक पार्श्वभूमी हीच तिची पात्रता आहे. ती कोणाची सून, किती शिकलेली, किती गरजू, यावर तिची निवड ठरते. आणि त्याच पार्श्वभूमीकडे बोट दाखवून तिच्या श्रमाला पगार म्हणायचे टाळले जाते.

आधी थोडा इतिहास पाहू. गावाच्या आरोग्यासाठी गावातलाच माणूस तयार करायचा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. प्रश्न नेहमी एवढाच होता, की तो माणूस कोण? २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने एक योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, आणि महिन्याला ५० रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. थोडे शिकलेले, गावच्या पुढाऱ्यांच्या ओळखीतले. आता गावात सर्वांत जास्त जीव धोक्यात येतो तो बाळंतपणात आणि बाळाच्या पहिल्या महिन्यात. त्या खोलीत पुरुषाला प्रवेश नाही.

या योजनेतली एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे. १९७७ मध्ये या माणसाचे अधिकृत इंग्रजी नाव 'वर्कर' होते. थोड्याच वर्षांत ते 'व्हॉलंटियर' झाले, आणि १९८१ मध्ये 'गाइड'. कामगार, मग स्वयंसेवक, मग मार्गदर्शक. माणूस तोच, औषधांची पेटी तीच. कामगार म्हटले की मजुरी आली, नोकरीचा हक्क आला. स्वयंसेवक म्हटले की ती जबाबदारी गेली. नाव बदलणे ही इथे आर्थिक कृती आहे.

दुसरे उत्तर महाराष्ट्रातल्या जामखेडने दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत अनेक दलित होत्या, अनेक निरक्षर होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाती गावाने आपली बाळंतीण दिली. आरोळे पतीपत्नींना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने दाखवले ते असे, की अक्षर येत नसले तरी वैद्यकीय ज्ञान घेता येते. आणि गरिबी ज्या बाईने स्वतः भोगली आहे, तिला कुपोषण समजावून सांगावे लागत नाही.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. त्या भागात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने २००२ मध्ये 'मितानीन' उभी केली. मितान ही तिकडची जुनी रीत आहे. दोन माणसे विधिपूर्वक मैत्र जोडतात आणि ते नाते जातीच्या पलीकडे जाऊन आयुष्यभर पाळतात. सरकारी योजनेला लोकजीवनातले इतके नेमके नाव क्वचितच मिळते.

या सगळ्या अनुभवांतून १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली. गोव्याचा अपवाद सोडला तर ती देशभर पोचली. आज दहा लाखांच्या आसपास बायका हे काम करतात.

आता तिच्या निवडीच्या अटी पाहा. त्या कादंबरीतल्या पात्रवर्णनासारख्या वाचता येतात. ती बाई असावी. त्याच गावची रहिवासी असावी. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी. वय शक्यतो २५ ते ४५. आधी आठवी पास, पुढे दहावी पास. निवड ग्रामसभेने करावी, आणि वंचित समाजांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे.

अविवाहित मुलगी का नको? कारण ती लग्न होऊन जाईल. म्हणजे योजनेने गृहीत धरले आहे, की गावात टिकते ती सून. मुलगी गावची असूनही पाहुणी, सून परकी असूनही कायमची. ओव्यांपासून आत्मकथनांपर्यंत मराठीत हा विषय किती आला आहे! इथे तो सरकारी परिपत्रकात आला आहे. पण सून म्हटली की तिच्यासोबत सासू, सासरे, दीर, पदर आणि परवानगी हेही आले. रात्री दोन वाजता कोणाच्या कळा सुरू झाल्या, तर आशेला आधी आपल्या घरच्यांना उठवावे लागते. एक बाई मला म्हणाल्या, "मॅडम, मले दोन सासवा हायेत. एक घरची, अन् एक दवाखान्यातली."

विधवा आणि घटस्फोटित या शब्दांमागेही बरेच दडले आहे. आमच्या पट्ट्यात कायद्याने घटस्फोट घेतलेल्या बायका थोड्या. माहेरी परत आलेल्या, नवऱ्याने दुसरे लग्न केलेल्या, निकाल नसलेल्या कितीतरी. त्यांच्यासाठी मराठीत 'टाकलेली' असा क्रूर शब्द आहे. अशी एखादी बाई आशा झाली की तिच्याकडे पाहायची गावाची नजर हळूहळू बदलते. जिला मंगलकार्यात पुढे येऊ देत नव्हते, तिला अडलेल्या बाळंतिणीच्या घरून बोलावणे येते. हा बदल खरा आहे, आणि पैशात मोजता येणारा नाही. म्हणूनच या बायका हे काम सोडत नाहीत. तेवढ्याच आधारावर त्यांना कमी पैशात राबवता येते, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

मग शिक्षणाची अट. फॉर्म भरायचे, मोबाइलवर माहिती चढवायची, तर लिहितावाचता यायला हवे, हे बरोबरच. पण प्रत्येक गावात दहावी झालेली सून कोणत्या घरात असते? ज्या घरात दहा वर्षे मुलीला शेतावर न पाठवता शाळेत पाठवणे परवडले, त्या माहेरातून आलेली ती असते. डोंगराकडच्या ढान्यांवर, म्हणजे गोंड-कोरकूंच्या वस्त्यांवर, अशी बाई मिळणे कठीण जाते. अट शिथिल करण्याची सोय नियमांत आहे, पण सोय असणे आणि ती वापरणे यांत अंतर पडते. मग मोठ्या गावातली बाई ढान्यावर जाते. तिची मराठी तिथे अर्धीच पोचते. आणि काही वेळा जातही आड येते, दोन्ही बाजूंनी. दलित आशेला एखाद्या घरात ओसरीच्या पुढे घेत नाहीत. वरच्या मानलेल्या जातीतली आशा ढान्यावर गेली तर पाणी घेत नाही. लस टोचणे होते, बोलणे होत नाही.

बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या आस्थेच्या गोष्टीकडे वळू. आमच्याकडे लसीला 'टीका' म्हणतात, कारण हिंदीत लसीकरण म्हणजे टीकाकरण. मी वर्गात 'टीका आणि समीक्षा यांतला फरक' सांगते तेव्हा मुली हसतात, कारण त्यांच्या घरी टीका म्हणजे बाळाच्या मांडीला टोचायची सुई. आशेच्या नोंदवहीत 'गर्भवती महिला', 'प्रसव पूर्व जाँच', 'खून की कमी' असते. घरात गेल्यावर तिला विचारावे लागते, 'दिवस गेले का गं?' 'दोन जिवांची आहेस, डोळ्यांपुढे अंधारी येते का?' डॉक्टर म्हणतात 'हाय रिस्क', ती सासूला सांगते, 'ही जोखमीची आहे, घरी ठेवू नका.' आता त्यात सिकलसेलच्या तपासणीची भर पडली आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून त्याचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. रक्तातल्या पेशीचा आकार विळ्यासारखा होतो, आणि हा आजार आईबापांकडून लेकरात येतो, हे लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी न दुखावता कसे सांगायचे? याचे पाठ्यपुस्तक कुठेच नाही. ती ते रोज आपल्या भाषेत घडवते. परिभाषा समित्यांना वर्षे लागतात, ते काम ही बाई चुलीपुढे बसून करते. या कामाचा उल्लेख तिच्या मोबदल्याच्या कुठल्याही यादीत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट होते, की आशा ही मानसेवी स्वयंसेविका आहे, तिला पगार वा मानधन नाही, आणि तिच्या रोजच्या पोटापाण्याच्या कामात अडथळा येणार नाही अशा बेताने तिचे काम आखले जाईल. जे काम होईल त्याप्रमाणे मोबदला. पुढे ठरावीक कामांसाठी दरमहा एक रक्कम सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ पासून ती १,००० वरून २,००० रुपये झाली. राज्ये आपापली भर घालतात, आणि ती भर वाढते ती बहुधा आंदोलनानंतर.

कामागणिक मोबदला कसा चालतो, त्याचे एक उदाहरण. दवाखान्यात बाळंतपण झाले की नवजात बाळाला पाहायला तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळाचे वजन, ताप, श्वास मोजायचा, ते दूध नीट ओढते का पाहायचे, फॉर्म भरायचा. सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीचे बेचाळीसही पुरते होत नाहीत. ढान्यावर चालत जाऊन यायला अर्धा दिवस गेला तरी तेवढेच.

दुसरे उदाहरण आपल्या रूढीचे. ग्रामीण भागात गरोदर बाईची दवाखान्यात प्रसूती करवल्याबद्दल आशेला तपासण्यांसह ६०० रुपये ठरलेले आहेत. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सहासात महिने आशेने तिची नोंद केली, गोळ्या पोचवल्या, तपासणीला नेले. डोहाळजेवण झाले आणि पोरगी माहेरी गेली. प्रसूतीच्या वाट्याची रक्कम तिकडच्या आशेची. ज्या गावात वर्षभरात थोडीच बाळंतपणे होतात, तिथल्या आशेची कमाई आपोआप कमी. म्हणजे जिथे वस्ती विरळ आणि वाट लांब, तिथे श्रम जास्त आणि पैसा कमी.

पोटापाण्याच्या कामात अडथळा येणार नाही, हे वाक्यही तपासून पाहा. या बायकांच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन असते, आणि तीही सासऱ्यांच्या नावावर. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला मजुरी मिळते, संत्र्याच्या तोडीला मिळते. त्याच दिवसांत लसीकरणाचे सत्र असते, सर्वेक्षण असते, प्रशिक्षण असते. वेचणीला गेली तर गैरहजर, सत्राला गेली तर दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय मोबाइलचे रिचार्ज, झेरॉक्स, तालुक्याला जायचे बसभाडे. महिन्याअखेरीस किती हाती पडणार हे तिलाच माहीत नसते, म्हणून किराणा दुकानात तिची उधारी चालू राहते. गावात मात्र लोक समजतात, की हिला सरकारी पगार आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी तपासत होते. आईचा व्यवसाय या रकान्यात तिने 'गृहिणी' लिहिले होते. तिची आई बारा वर्षे आशा आहे, हे मला ठाऊक होते. मी विचारले तर म्हणाली, "मॅडम, आईला पगार नाही ना. मग नोकरी कशी लिहायची? अन् मजूर लिहिलं तर आईला वाईट वाटेल." आम्ही दोघी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिलो. मराठीत, हिंदीत, कोणत्याच भाषेत तिच्या आईच्या कामाला बसणारा शब्द त्या अर्जासाठी आम्हाला सापडेना. शेवटी तिने 'आशा कार्यकर्ता' लिहिले. पुढच्या रकान्यात मासिक उत्पन्न लिहायचे होते, आणि तिथे पुन्हा अडलो.

मानधन हा शब्द मुळात सुंदर आहे. धन देतो ते मान म्हणून, कामाची किंमत म्हणून नव्हे. आजच्या या व्याख्यानाचे मला मानधन मिळणार आहे. माझा पगार वेगळा येतो, त्यामुळे या रकमेला मान म्हणणे मला शोभते. ज्या बाईचे घर त्या रकमेवर चालते, तिच्या कमाईला मानधन म्हटले की शब्दातला मान शिल्लक राहतो आणि धन गायब होते. आपल्या महाविद्यालयांत 'अतिथी विद्वान' म्हणून वर्षानुवर्षे शिकवणारे तरुण सहकारी इथे बसले आहेत. त्यांना हा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला कळेल. 'अतिथी' म्हटल्यावर घर मागता येत नाही. तसेच 'स्वयंसेविका' म्हटल्यावर निवृत्तिवेतन मागता येत नाही.

२०१३ मध्ये भरलेल्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली, की योजनांमधल्या अशा सर्वांना कामगार म्हणावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. करोनाच्या काळात आशा घरोघर फिरल्या, तेव्हा त्यांना 'योद्धा' म्हटले गेले. महिन्याला १,००० रुपयांचा जादा भत्ता ठरला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. 'योद्धा' झाली, गौरव झाला, पण 'कामगार' हा साधा शब्द अजून तिच्या वाट्याला आलेला नाही. तो आला की हिशेब द्यावा लागतो.

काही जण प्रामाणिकपणे म्हणतात, की पगार सुरू झाला तर सेवाभाव जाईल, ती गावाची न राहता सरकारची होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. गावाला उत्तर देणारी बाई वरच्या कार्यालयाला उत्तर देऊ लागली, तर जामखेडने जे कमावले ते आपण गमावू. पण ती आताही वरच्या कार्यालयालाच उत्तर देते. फॉर्म वरचे, उद्दिष्टे वरची, मोबाइलवरची माहिती वर जाणारी. गावाशी बांधिलकी टिकवायची तर निवडीत ग्रामसभेचा आवाज खरा करावा, ढान्यावरची बाई ढान्यातूनच निवडावी. आणि सेवाभावाचे म्हणाल, तर शिक्षकांना पगार मिळतो म्हणून आपला सेवाभाव गेला, असे आपण मान्य करू का?

शेवटी, आपल्यासारख्यांनी काय करावे? धोरण आपल्या हाती नाही, भाषा आहे. मी अकादमीपुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मराठीत आरोग्याचे जे शब्द या बायकांनी घडवले आहेत, त्यांची एक लहान शब्दावली अकादमीने करावी. मराठी, हिंदी आणि जिथे शक्य तिथे गोंडी व कोरकू शेजारी शेजारी. ती या बायकांकडून करून घ्यावी, मुखपृष्ठावर त्यांची नावे घालावीत, आणि लेखकाला देतो त्या दराने त्यांना पैसे द्यावेत.

दुसरी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आशांची कामाची आत्मकथने नोंदवावीत. मराठीत डॉक्टरांनी लिहिलेले अनुभव आपण आवडीने वाचतो. ज्या बाईने रुग्णाला त्या डॉक्टरपर्यंत आणले, तिचे वाचायला मिळत नाही. मात्र मुलांनो, एक पथ्य पाळा. तिच्याजवळ गावाची गुपिते आहेत, ती काढून घेऊ नका. तिचे स्वतःचे विचारा. माहेर कुठले, शाळा कधी सुटली, पहिल्यांदा बँकेत खाते उघडले तेव्हा कोण सोबत होते, या कामाच्या पैशातून पहिली वस्तू कोणती घेतली. आणि वेचणीच्या दिवसांत जाऊ नका, तिची मजुरी बुडते.

तिसरी सूचना आपल्या लिहिण्याविषयी. बातमी, लेख, सत्काराचे भाषण लिहिताना 'निःस्वार्थ सेवा', 'देवदूत', 'अहोरात्र झटणारी माउली' हे शब्द काही दिवस बाजूला ठेवू या. तिने काय काम केले, किती केले, आणि तिला किती मिळाले, एवढे सरळ लिहू या.

पुढच्या वर्षी या विषयावर बोलायला अकादमीने अशाच एखाद्या आशा दीदीला बोलवावे. तिचे येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई आधीच ठरवून कळवावी. ती माझ्याइतका वेळ घेणार नाही, तिला परत जाऊन कोणाची तरी एकविसाव्या दिवसाची भेट करायची असेल.